न्हाणीमागचा वाफा

अक्का, तुमच्या अंगावर घातलेल्या फुलांत एक फूल मला ओळखता आलं नाही.

तुम्हाला हिरवं लुगडं नेसवून, कपाळभर कुंकू लावून ओसरीवर ठेवलं होतं. कुंभारवाड्याहून तुमची माहेरची माणसं घोंगड्या पांघरून चिखल तुडवत आली, आणि वाटेत ज्याला जे फुललेलं दिसलं ते त्यानं तुमच्यासाठी आणलं. मी पायाशी बसले होते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण डोळे आपलं काम सोडत नव्हते. हा कुडा. हा रानहळदीचा तुरा. ह्या काळ्या मुसळीच्या पिवळ्या चांदण्या. आणि तुमच्या डाव्या हाताजवळ एक वांगी रंगाचं, बोटाच्या पेराएवढं फूल, आतून केसाळ, तोंड मिटत आलेलं. ते मी कधीच पाहिलं नव्हतं. सवयीनं मान वर केली. "अक्का, हे कुठलं?" हे शब्द ओठांपर्यंत आले, आणि तिथंच थांबले.

कोणी आणलं म्हणून नंतर चौकशी केली. कोणाला आठवेना. फूल तुमच्याबरोबर गेलं. म्हणजे जाता जातासुद्धा माझ्याआधी एक फूल तुम्हीच गाठलंत.

हे मी कराचीला, वडिलांच्या नोकरीपायी तिथं वाढणाऱ्या माझ्या नातवंडांना पाठवणार आहे. त्यांना तुमच्याविषयी सविस्तर हवं आहे. म्हणून तुम्हाला ठाऊक असलेल्या गोष्टीही सांगाव्या लागतील, कंटाळू नका. तुम्ही गेल्याचं कळल्यापासून लीला धड जेवत नाही, असं तिच्या आईनं कळवलं आहे. ते वाचून माझ्या मनात पहिलं काय आलं ते सांगते. ही माझ्यासाठी इतकी रडेल का? तुम्ही तिच्या आजोबांच्या थोरल्या भावाची बायको. सख्खी आजी मी.

मत्सर हा शब्द मी विचार करून लिहीत आहे. गेलेल्या माणसाविषयी लिहिताना तो शोभत नाही, हे मला कळतं. पण आपल्या दोघींविषयी दुसरं काही गोड लिहिलं, तर तुम्ही असाल तिथं पदर तोंडाला लावून हसाल.

मी बेळगावची, मडमांच्या शाळेत इंग्रजी शिकलेली. लग्न होऊन ह्या रानात आले तेव्हा माझ्या ट्रंकेत ह्या इलाख्यातल्या झाडाझुडपांचं एक जाड इंग्रजी पुस्तक होतं, एक भिंग होतं आणि फुलं दाबून वाळवायला टीपकागद होते. ट्रंक उघडली तेव्हा वाडीतल्या बायका दागिने बघायला जमल्या होत्या. तुम्ही पुढं होऊन पुस्तक उचललंत आणि उलटंसुलटं केलंत.

"ह्यात एक बी चित्र न्हाई?"

"नाही."

"मग बघतीस काय?"

"शब्द. पाकळ्या किती, पानं समोरासमोर की आलटून पालटून, हे वाचून फूल ओळखायचं."

"म्हंजे फूल न बघताच फूल! भले ग बेळगावकरणी," तुम्ही म्हणालात, आणि सगळ्या हसल्या. त्या दिवसापासून मी ह्या घरात बेळगावकरीण झाले. माझं नाव पुढं कोणी घेतलंच नाही.

तुम्ही माहेराहून माटोळी आणली होतीत. चतुर्थीला गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगायची आणि रानातली फुलं, फळं, वेली केवणीच्या सालीच्या दोरांनी तिला बांधायच्या. बाजारचं काही चालायचं नाही. आपल्या सासरच्यांचं मूळ खानापूरकडचं. त्यांच्यात ही रीत नव्हती. तुम्ही ह्या घरात आलात आणि ती सुरू झाली. सासूबाईंनी तुमच्या हट्टापुढं मान तुकवली. माझ्या पुस्तकापुढं कोणी मान तुकवली नाही. मला त्या चौकटीचाही हेवा वाटायचा. वर्षभर माळ्यावर धूळ खात पडायची, आणि भाद्रपद आला की घरातलं सगळ्यात मानाचं लाकूड तेच.

पण त्या चौकटीमुळंच मी घराबाहेर पडले. माझ्या पहिल्या चतुर्थीच्या आधी तुम्ही सासूबाईंना म्हणालात, "हिला संगं न्हेते रानात."

"ही काय करनार रानात? पुस्तक वाचनार?"

"ते तिलाच ठावं. पर उंच हाय. वरच्या येली वडायला बरी."

तुम्ही मला शिडी म्हणून नेलंत, आणि त्यानंतर दर वर्षी नेलंत. हे उपकार आहेत, ते मी नाकारत नाही. तुम्ही नेलं नसतं तर पुस्तक ट्रंकेत कसरीनं खाल्लं असतं, आणि मलाही ह्या घरात काहीतरी खातच राहिलं असतं.

कराचीतल्या मुलांना वाटतं, रान म्हणजे एकच. त्यांनी हे नीट वाचावं. वाडीच्या वरचा सडा हा उघडा कातळ आहे. श्रावणात त्याच्यावर बोटभर पाणी उभं राहतं आणि त्या पाण्यात सीतेची आसवं फुलतात, निळी, मोहरीच्या दाण्यावर पाकळ्या लावाव्यात एवढी. ओढ्याच्या ओल्या दगडांना तेरडा चिकटलेला असतो. शेताच्या बांधावर कवल्याची पिवळी फुलं. आणि खाली डिग्गी गावाकडं उतरू लागलं की दाट रान. तिथं भर दुपारी दिवेलागणीसारखा उजेड असतो आणि जमिनीलगत काय उभं आहे ते वाकल्याशिवाय दिसत नाही. ह्या चारही जागी निराळी फुलं, आणि चारही जागी ती आधी तुम्हाला दिसायची. मी पद्धतीनं शोधायची. डावीकडून उजवीकडे बघायचं, मग एक पाऊल पुढं, मग पुन्हा डावीकडून. तुम्ही पान चघळत, कोणाच्या तरी सुनेची निंदा करत चालायचात आणि सुनेच्या अर्ध्यात थांबायचात. "हे बघ." मी भिंग काढेपर्यंत तुम्ही पुढच्या सुनेवर गेलेल्या असायचात. माझा अजून समज आहे की फुलं तुम्हाला हाक मारायची.

आता आपल्या वादाविषयी.

सड्यावर कातळाच्या भेगेत श्रावणात एक पांढरं फूल येतं. वीतभर दांडा, वर एखाद-दुसरं फूल, आणि फुलामागं लोंबणारी बारीक लांब शेपटी. रानाच्या कडेला गवताळ उतरणीवर तसंच पांढरं फूल, तशीच शेपटी. पण दांडा गुडघ्याच्या वर जातो आणि त्याला पाच-सहा फुलं लागतात. तुम्ही दोन्हींना शेपटीवाली म्हणायचात. मी म्हणायची, ह्या दोन जाती. तुम्ही म्हणायचात, एकच.

"वारा असा मारत असल्यावर कोन वाढंल? म्हनून सड्यावरची बारकी ऱ्हाती. तीच सावलीत न्हे, बघ कशी सुटती."

"खालची पाकळी बघा, अक्का. तिला तीन फाटे आहेत. सड्यावरचीचे तिन्ही दोऱ्यासारखे. रानातलीचे बाजूचे दोन पसरट. भिंगातून बघा."

तुम्ही भिंग घ्यायचात, डोळ्याला लावायचात आणि माझ्याकडं वळायचात. "अगं बया! नाक केवढं हाय तुझं!"

"अक्का!"

"आमच्या तिघी भैनींची नाकं तीन तऱ्हंची हायत. म्हनून काय आय तीन हायत?"

मी भिंग तुमच्या हातून घेतलं, पदराला पुसलं आणि पुन्हा पाकळीवर वाकले.

मुलांनो, तुम्हाला वाटेल, एवढ्याशा फुलावरून दोन बायका जन्मभर भांडल्या. बाकी सगळ्यात ही बाई माझ्या पुढं होती. उळवीच्या जत्रेच्या वाटेवर धारवाडकडच्या बायकांशी ती कानडीत हसायची, घाटाखालच्यांशी कोंकणीत, आणि मी शेजारी इंग्रजी येणारी मुकी उभी असायची. भाकरी तिची, माणसं तिची, सासूबाईंची मर्जी तिची. मला फक्त एक हवं होतं. एकदा, एकदाच, तिनं म्हणावं, "व्हय ग, तुझं खरं."

पुढं माझी नातवंडंही तुमची झाली, अक्का. लीला इथं आली होती तेव्हा मी तिच्याकडून सीतेच्या आसवांचं लॅटिन नाव घोकून घेतलं. हे इवलं झाड पाण्यातले किडे धरून खातं, हेही समजावलं. तुम्ही तिला एवढंच सांगितलंत, "सीतामाय रडली हुती हितं. पाय जपून टाक." कराचीला पोहोचल्यावर तिनं पहिलं काय विचारलं? सीतामाय अजून रडते का? लॅटिन नाव वाटेत कॅसलरॉकच्या स्टेशनावरच कुठं तरी उतरलं असावं.

हे गेले, त्यानंतरचं एक सांगायचं राहिलं आहे. तुमच्या अंबाड्यात रोज रानातलं काहीतरी असायचं. कधी बकुळ, कधी नुसता सोनकीचा तुरा. हे गेल्यावर माझं डोकं रिकामं झालं, ते रीतीप्रमाणं झालं. तुमचं का व्हावं? तुमचे यजमान, माझे थोरले दीर, चांगले काठी टेकत हिंडत होते. पण तुम्ही माझ्यासमोर फूल माळणं सोडलंत. मी म्हटलं, "अक्का, माझ्यासाठी केस रिकामे ठेवू नका."

"तुझ्यासाठी कशाला? मान धरलीया. हात वर जाईना."

त्याच दिवशी तुम्ही फळीवरचा पितळी हंडा एका हातानं खाली घेतलात. मी पाहिलं, आणि मी पाहिलं हे तुम्हीही पाहिलंत. तुमच्या त्या मोठेपणाचा मला किती राग आला होता म्हणून सांगू. फुलं माळलेल्या अक्काचा हेवा करायला मला सोपं जायचं. न माळलेल्या अक्काचं मी काय करायचं होतं?

आणि तुम्ही अहेव गेलात. बायकांनी तुमच्या पायावर डोकी ठेवली, तुमच्या कपाळाचं कुंकू आपल्या कपाळाला लावून घेतलं. मी मागं सरून बसले. तेही तुम्हीच जिंकलंत.

वाफ्याची युक्तीसुद्धा तुमचीच. एकदा सड्यावरून उतरताना वाद फार चढला, तेव्हा तुम्ही कमरेवर हात ठेवून म्हणालात, "दोघींला एका अंगनात आनू. एक माती, एक पानी, एक सावली. सारख्या झाल्या तर माझं खरं. न्हाई तर तुझं." शाळेत शास्त्र मी शिकले होते, आणि हे मला सुचलं नव्हतं.

न्हाणीमागं आपण वाफा केला. शेपटीवालीच्या मुळाशी दोन कंद असतात, एक सुरकुतलेला गेल्या सालचा, एक टवटवीत पुढच्या सालचा. ते खुरप्यानं जपून काढून आणले. पहिल्या खेपेला न्हाणीचं पाणी मुरून सगळे कुजले. तुम्ही म्हणालात, माती बेळगावकरणीनं भरली, दुसरं काय होणार. मग आपण खडी घातली, पाण्याची वाट वळवली. त्या खेपेला साळिंदरानं उकरून खाल्ले. मग तुम्ही करवंदीच्या काट्यांचं कुंपण केलंत आणि आपण कंद पुन्हा आणले. गेल्या पावसात पानं आली, कळी आली नाही. आपण दोघी वाफ्यापाशी वाकायचो आणि उठताना एकमेकींच्या खांद्याला धरायचो.

"ही कातळावरची बुटकी, म्हंजे मी," तुम्ही एकदा म्हणालात. "आन ती सावलीतली उंच, तू. बघू कोन कोनासारखी हुती."

शेवटच्या तापात तुम्ही डोळे उघडलेत ते वाफ्यासाठी. बाहेर पागोळ्या गळत होत्या.

"वाफा बघितलास?"

"बघितला. दोन्हींकडं कोंब आलेत."

"सारखंच असतील."

"नाहीत. रानातलीचं पान आत्ताच रुंद दिसतंय."

"पान रुंद हाय, म्हनून काय..." तुम्ही म्हणालात, आणि ताप पुन्हा चढला. ते वाक्य तिथंच राहिलं. देवाचं नाव नाही, थोरल्यांना निरोप नाही. तुमचं शेवटचं बोलणं माझ्याशी होतं आणि तेही माझं म्हणणं खोडून काढायला निघालेलं. एवढ्या एका गोष्टीत तरी इतर सगळ्यांनी माझा हेवा करावा.

यंदा दुखवट्याचं वर्ष, म्हणून घरात सण नाही. माटोळीची चौकट माळ्यावरून उतरली नाही. आणि नेमका चतुर्थीच्या सुमाराला वाफा फुलला.

दोन्ही फुलल्या, अक्का. एका मातीत, एका पाण्यात, एका सावलीत. सड्यावरची वीतभरच राहिली, वर दोन फुलं. रानातली गुडघ्याच्या वर गेली आणि तिला सहा फुलं लागली. मी भिंग आणलं. गुडघे टेकून एकेक पाकळी पाहिली. सड्यावरचीचे तिन्ही फाटे दोऱ्यासारखे. रानातलीचे बाजूचे दोन पसरट. तसूभर इकडचं तिकडं नाही. दोन जाती.

"माझं खरं," मी मोठ्यानं म्हटलं. न्हाणीत पाणी उकळत होतं. दुसरं कोणी नव्हतं.

इतकी वर्षं ज्या क्षणासाठी थांबले तो असा आला. हरायची वेळ आली आणि तुम्ही त्याआधीच उठून गेलात.

तेवढ्यात थोरले अंघोळीला आले. काठीवर दोन्ही हात ठेवून वाफ्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "ती म्हनायची तसंच झालं की. एकाच जातीच्या दोघी. ही थोरली, ही धाकटी. जावा जावा."

थोरल्या दिरासमोर मी आजवर तोंड उघडलेलं नाही. पदर पुढं ओढला आणि भिंग पदराखाली धरलं. त्यांचा आवाज भरून आला होता, त्यामुळं बोलायची रीत असती तरी मी बोलले नसते. पण आतून जळले. दुपारपर्यंत सगळ्या वाडीत पसरलं होतं की अक्का म्हणायची तेच खरं निघालं. बायका वाफा बघायला आल्या, हात जोडून गेल्या. पुरावा माझा आणि निकाल तुमचा!

संध्याकाळी मी कात्री आणि टीपकागद घेऊन गेले. दोन्ही झाडं मुळासकट काढायची, शेजारी शेजारी दाबायची, खाली स्वच्छ अक्षरात लिहायचं आणि कराचीला पाठवायचं, म्हणजे निदान मुलांना तरी खरं कळेल. पहिला दांडा हातात धरला. आणि तुमचं अर्धं राहिलेलं वाक्य माझ्या कानात पुरं झालं.

"पान रुंद हाय, म्हनून काय? एका फुलोऱ्यात जात कळती व्हय? कातळाचा वारा अजून तिच्या अंगात हाय. मुरू दे की जरा सावलीत."

अक्का, हे म्हणणं चूक नाही. कंद कातळावरून येऊन फार काळ झालेला नाही. जुन्या जागेची सवय त्यात असू शकते. कोणत्याही पुस्तकवाल्याला हे मान्य करावं लागेल. तुम्ही नाही म्हणून तुमची बाजू आता मला मांडावी लागते आहे, आणि ती मी तुमच्यापेक्षा बरी मांडते आहे, ह्याचा मला केवढा संताप येतो ते लिहून कळणार नाही.

मी दांडा सोडला. कुंपणाला एके जागी खिंडार पडलं होतं, तिथं करवंदीच्या काट्या लावल्या. बोटाला काटा लागला.

लीला, तू पुढच्या चतुर्थीला ये. तुझ्या हातानं चौकट उतरव. मानाच्या मधल्या दोराला काय बांधायचं ते तूच ठरव. मी मध्ये बोलणार नाही. त्याआधी ज्येष्ठात मी कुंभारवाड्याच्या वाटेनं जाणार आहे, डावीकडून उजवीकडे बघत. ते वांगी फूल कुठं येतं ते मला शोधायचं आहे. मला हाक ऐकू येत नाही, म्हणून वेळ लागेल.

वाफा मी मोडत नाही, अक्का. तुम्हाला आणखी एक पाऊस दिला. पण तेव्हाही एक आखूड आणि एक उंच निघाली, तर मग मात्र मी तुमचं काहीएक ऐकून घेणार नाही.